उलट्या छापलेल्या फोटोतली शर्यतीची गाडी: महालातल्या एका आल्बमचं प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातून निघालेला आल्बम. काळ्या जाड कागदाची पानं, काही पानांना कसर लागलेली. मधल्या एका पानावर तीन फोटो चिकटवलेले. वरचा फोटो शर्यतीच्या गाडीचा: नाक डावीकडे, बाजूला कोट-टाय घातलेला तरुण, बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या रंगात 8 हा आकडा. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माहिती अशी की हा तरुण म्हणजे आजोबा, गाडी त्यांची आणि जागा नागपूरच्याच सोनेगावची, विमानांची धावपट्टी. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आत्यांना याबद्दल शंकाच नव्हती: “आबाजी स्वतः सांगून राहिले होते ना, सोनेगावले गाडी पळवली म्हणून!”

प्रश्न तीन होते. गाडी कोणती, जागा कोणती, साल कोणतं. उत्तरं मिळाली, पण ज्या क्रमाने मिळाली तो क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीला एक गोष्ट तपासायची राहिली आणि तिच्यामुळे पुढचे सगळे तर्क उलटे पडत गेले.

आधी कागद, मग गाडी

फोटो ओळखायला बसलं की नजर थेट गाडीवर जाते. ती आवरायची. पहिला तास कागदाचा.

फोटो पानाला सरसाने चिकटलेला होता. तो ओढून काढायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात असा कागद पापडासारखा तडकतो, ऑगस्टमध्ये वरचा थर बोटाला चिकटून येतो. अख्खं पान फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून 1200 डीपीआयला स्कॅन केलं. त्याआधी मऊ ब्रशने धूळ झाडली. ओलं फडकं, कापसाचा बोळा, काच पुसायचं पाणी यातलं काहीही लावलं नाही. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि पुसताना निघून येतो.

फोटोचं माप 57 × 83 मिलिमीटर भरलं, म्हणजे सव्वादोन बाय सव्वातीन इंच. 120 नंबरच्या रोल फिल्मवरची 6 × 9 सेंटिमीटरची निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून काढलेल्या छापाचं हेच माप. अशा छापाला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. त्यात मोठं करणं नसतं, त्यामुळे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. याचा अर्थ निगेटिव्ह कुठेतरी होती आणि कदाचित अजून असेल. हा प्रश्न घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारला गेला तिसऱ्या आठवड्यात.

मग अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. 1950च्या दशकापासून फोटोच्या कागदात चकाकी वाढवणारी रसायनं यायला लागली, आणि असा कागद यूव्हीखाली निळसर-पांढरा झगझगतो. हा कागद मंद पिवळट राहिला. एवढ्यावरून कागद जुना आहे असं सिद्ध होत नाही, कारण ती रसायनं नसलेले कागद नंतरही मिळत होते. पण तो झगझगला असता, तर हा मागाहून काढलेला छाप आहे हे तिथेच कळलं असतं आणि गाडी एखादी आधुनिक नक्कल असण्याची शक्यता उघडी राहिली असती. बुगाटीसारख्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या नकला आजही इतक्या हुबेहूब बनतात की कागदाची ही चाचणी टाळता येत नाही.

डावी की उजवी

स्कॅन मोठा केल्यावर दिसलं ते असं. शर्यतीची उघडी गाडी, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आठ चपट्या आऱ्यांची धातूची चाकं, पुढे उभट गोलसर रेडिएटर, आणि आपल्याकडच्या बाजूला कॉकपिटच्या बाहेर हँडब्रेकचा दांडा. चालकही त्याच बाजूला बसलेला. गाडीचं नाक डावीकडे असल्यामुळे ही बाजू गाडीची डावी ठरत होती. म्हणजे गाडी डाव्या हाताच्या स्टेअरिंगची. या एका गोष्टीने सगळा शोध अमेरिकेकडे वळवला. दोन आठवडे अमेरिकी शर्यतीच्या गाड्यांशी तुलना चालली आणि काहीच जुळेना. रेडिएटर जुळत नव्हता, चाकं जुळत नव्हती. ज्या युरोपीय गाडीशी हे दोन्ही अगदी जुळत होतं ती बाद करून टाकली होती, कारण ती उजव्या हाताची.

उत्तर तरुणाच्या कोटात होतं. घड्याळवाला डोळ्याला लावतो तसल्या दहापट भिंगातून पाहिल्यावर छातीच्या खिशात खोचलेला पांढरा रुमाल स्पष्ट दिसतो. तो त्याच्या उजव्या छातीवर आहे. पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा डाव्या बाजूला असतो. कोटाची डावी बाजू उजवीवर येऊन बटणं लागतात, इथे उजवी बाजू डावीवर आलेली होती. एकच खूण असती तर शिंप्याची लहर म्हणता आली असती. दोन्ही खुणा उलट्या, म्हणजे फोटोच उलटा छापलेला आहे.

हे घडतं कसं? कॉन्टॅक्ट प्रिंट काढताना निगेटिव्हची मंद, रसायनाची बाजू कागदाच्या रसायनाला भिडवायची असते. घाईत निगेटिव्ह पालथी पडली आणि चकचकीत बाजू कागदाला लागली, तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. शिवाय रसायनाचा थर आणि कागद यांच्यात फिल्मची जाडी आल्यामुळे छाप किंचित मऊ पडतो. या फोटोतला मऊपणा सुरुवातीला कॅमेऱ्याच्या माथी मारला होता. तो खरं तर उलटेपणाचीच खूण होता.

आणि आकडा? 8 आरशातही 8च दिसतो. गाडीवर 3 किंवा 5 असता तर पहिल्या मिनिटाला लक्षात आलं असतं. 0, 1, 8, 11 असे आकडे, पाटी किंवा अक्षर न दिसणारी गाडी, आणि जवळपास कुठेही लिहिलेलं काही नाही. असा फोटो हातात आला की गाडीकडे बघण्याआधी कोटाची बटणं, छातीचा खिसा आणि मनगटावरचं घड्याळ पाहायचं. साडी नेसलेली बाई फोटोत असेल तर पदर कोणत्या खांद्यावर आहे तेही पाहता येईल, पण नेसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असल्यामुळे तो पुरावा दुबळा.

स्कॅन आडवा पलटवला. नाक उजवीकडे गेलं, आणि आता आपल्यासमोर गाडीची उजवी बाजू होती. हँडब्रेक बाहेर, उजवीकडे. चालक उजवीकडे. बाद केलेली गाडी परत आली.

नालेच्या आकाराचा रेडिएटर

घोड्याच्या नालेसारखा रेडिएटर, आठ चपट्या आऱ्यांची ओतीव अॅल्युमिनियमची चाकं, आणि पुढच्या अॅक्सलला पाडलेल्या चौकोनी भोकांतून आरपार जाणाऱ्या स्प्रिंगा. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की फ्रान्सच्या अल्सास भागातल्या मोल्सहाइमच्या बुगाटी कारखान्याचं नाव घ्यायला हरकत नाही. या घराण्याची सुरुवात टाइप 35ने झाली. 3 ऑगस्ट 1924ला लिऑनच्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे मोटारींच्या मोठ्या शर्यतीत, ती पहिल्यांदा उतरली. चाकं दिसायला देखणी आहेतच, पण त्यांच्यामागे हिशेब होता: ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला, त्यामुळे चाक काढलं की ड्रमही हातात येतो आणि ब्रेकचे जोडे लगेच तपासता येतात.

पण “बुगाटी” एवढं उत्तर पुरेसं नाही. त्या साच्यातली भावंडं बरीच आहेत. पहिली चाळणी लांबीची. इथे एक युक्ती उपयोगी पडते. गाडी तिरपी उभी असल्यामुळे दोन चाकांमधलं अंतर फोटोत आखडतं, पण चाकसुद्धा त्याच पातळीत असल्यामुळे तेही त्याच प्रमाणात आखडून अंडाकृती होतं. म्हणून चाकाच्या आडव्या रुंदीने दोन चाकांमधलं अंतर भागलं की तिरपेपणा जवळपास निघून जातो. पुढच्या टायरची आडवी रुंदी 415 पिक्सेल, मागच्याची 385, सरासरी 400. चाकांच्या केंद्रांमधलं अंतर 1310. भागाकार 3.275. 19 इंची रिमवरच्या 5 इंची टायरचा बाहेरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर. गुणाकार 2407.

या पद्धतीत तीन-चार टक्क्यांची चूक धरायची, कारण टायरची हवा, घासलेला रबर आणि कॅमेऱ्याच्या जवळची-लांबची बाजू यांनी आकडा हलतो. म्हणजे व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) साधारण 2310 ते 2500च्या दरम्यान. टाइप 35चा व्हीलबेस 2400 मिलिमीटर. जुन्या टाइप 13चा 2000, तो बाद. चार जणांच्या टाइप 43चा 2970, बाद. ओतीव चाकांचीच पण मोठ्या इंजिनाची टाइप 54, तिचा 2750, बाद. टाइप 59चा 2600, आणि तिची चाकं बारीक तारांची, त्यामुळे ती दोन कारणांनी बाद. राहिली 2400ची मंडळी: 35 आणि तिचे 35ए, 35बी, 35सी, 35टी हे प्रकार, चार सिलिंडरची 37 आणि 37ए, दीड लिटरची 39 आणि 39ए, आणि 1931ची टाइप 51.

चाकांवरून पुढची निवड करायचा मोह होतो. 35ए आणि 37 यांना सहसा तारेची चाकं असत, आपल्या गाडीला ओतीव, म्हणून त्या दोन्ही नाहीत, असं लगेच म्हणावंसं वाटतं. तसं म्हणू नये. चाकं बदलता येतात आणि मालकांनी ती हौसेने बदललेली आहेत. चाक हा आधार म्हणून चालतो, निर्णय म्हणून नाही. निर्णय बॉनेटवर आहे.

बॉनेटचं भोक

सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारं यंत्र) बसवलेल्या या बुगाटींच्या बॉनेटच्या उजव्या बाजूला एक गोल भोक असतं. सुपरचार्जरच्या वाटेत दाब अचानक चढला, उदाहरणार्थ इंजिनाने उलट भडका मारला, तर झडप उघडून तो दाब बाहेर जावा म्हणून ती वाट. साध्या, सुपरचार्जर नसलेल्या गाडीला हे भोक नसतं. म्हणजे भोक दिसलं की 35, 35ए, 35टी, 37 आणि 39 एका फटक्यात बाजूला होतात. उलट्या छापात हेच भोक डाव्या बाजूला दिसत होतं, आणि त्यामुळे ते एखाद्या अनोळखी गाडीचं धुराड्याचं तोंड असावं, असा तर्क दोन आठवडे चालला होता.

आता भोकाची उंची. 35बी आणि 35सीचं भोक वर असतं, हवेच्या फटींच्या ओळीच्या डोक्यावर. टाइप 51चं खाली, फटींच्या पट्ट्यातच. कारण इंजिनाच्या डोक्यात आहे. 35च्या घराण्याला वर एक कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) होता, 51ला दोन झाले, आणि त्याबरोबर सुपरचार्जरच्या वाटांची मांडणीही बदलली. या दोन कॅमशाफ्टच्या कल्पनेमागे अमेरिकेच्या मिलर गाड्या होत्या: 1929मध्ये अमेरिकी शर्यतपटू लिऑन ड्यूरे युरोपात आला, आणि कारखान्याच्या मालकाने, एत्तोरे बुगाटीने, त्याच्या दोन मिलर गाड्या तीन टाइप 43च्या बदल्यात घेतल्या. उलट्या छापाने आपल्याला अमेरिकेकडे नेलं होतं, आणि योग्य छापातल्या गाडीच्या इंजिनात खरोखरच अमेरिकेचा अंश होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण गाडी समजून घ्यायला तो चांगला उपयोगी पडतो.

छापावर हे भोक जेमतेम 30 पिक्सेलचं. खाली असल्यासारखं वाटतं, पण मऊ छापामुळे फटींची ओळ त्यात विरघळते. इथे एक चूक झाली आणि ती अनेक जण करतात. फोटो “स्पष्ट” करणाऱ्या एआयच्या साधनातून तो काढला. चित्र झळझळीत आलं. पण चाकाला दहा आरे झाले, फटी एकसारख्या आखल्यासारख्या दिसू लागल्या आणि भोक बरोबर मधोमध सरकलं. असं साधन फोटोत नसलेला तपशील भरतं, कारण त्याचं कामच ते आहे. आठच्या जागी दहा आरे दिसले म्हणून चूक लगेच पकडली गेली. भोक सरकलं होतं ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मोजमापासाठी फक्त मूळ स्कॅन वापरायचा. उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलायला हरकत नाही, पण नवे पिक्सेल निर्माण होतील असं काही करायचं नाही. रंग भरलेली प्रत तर चर्चेतही आणायची नाही.

डब्यातली निगेटिव्ह

तिसऱ्या आठवड्यात निगेटिव्हचा विषय निघाला, आणि माळ्यावरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सहा निगेटिव्ह निघाल्या. त्यातली एक आपली.

इथे थांबून सांगायला हवं, कारण हा भाग जिवाशी संबंधित आहे. त्या काळातल्या पुष्कळ फिल्म नायट्रेटच्या असत, आणि रोल फिल्ममध्ये नायट्रेट साधारण 1950पर्यंत टिकलं. ही फिल्म अत्यंत ज्वलनशील असते आणि कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. ती वाफ स्वतःलाही खाते आणि शेजारच्या फोटोंनाही. फिल्मच्या कडेला “सेफ्टी” असं छापलेलं असेल तर काळजी कमी. या निगेटिव्हवर तसा शब्द नव्हता, म्हणून ती नायट्रेटच आहे असं धरून वागलो. तिला पिवळी झाक होती, चिकटपणा नव्हता, नाकाला झोंबणारा वास नव्हता, म्हणजे सुरुवातीचीच अवस्था. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा 45च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. अशा ठिकाणी बंद डब्यात नायट्रेट ठेवणं धोक्याचं. डबा त्याच दिवशी खाली आणला. प्रत्येक निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात घातली, प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत नाही. पाकिटं घरातल्या सर्वांत थंड खोलीत, आल्बमपासून दूर ठेवली. जाळून बघायची चाचणी कधीही करायची नाही. टपालाने किंवा कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवायची नाही, कारण हा धोकादायक माल आहे. स्कॅन एलईडीच्या दिव्याच्या स्कॅनरवर, घरीच, एकदाच आणि पटकन.

निगेटिव्ह उजेडासमोर धरून मंद बाजू पलीकडे आणि चकचकीत बाजू आपल्याकडे केली की चित्र खरं, सरळ दिसतं. तसं पाहिल्यावर गाडीचं नाक उजवीकडे. कोटाच्या खिशाचा तर्क इथे पक्का झाला.

2400 डीपीआयच्या स्कॅनमध्ये छापातला मऊपणा गेला. फटींची ओळ मोजता येईल इतकी स्वच्छ, आणि भोक तिच्या वर नाही, पट्ट्यातच. शेपटीवर, चालकाच्या मागे, पेट्रोलच्या टाकीची दोन झाकणं. छापात एकच झाकण दिसत होतं आणि दुसऱ्या जागी काळा ठिपका होता. तो ठिपका कोणी काढून ठेवलेला हातमोजा असेल असंही सुचवलं गेलं होतं. निगेटिव्हमध्ये त्याची कडा आणि बिजागरी दिसते. चाकाची रिम चाकाशी एकजीव, वेगळी बसवलेली कडी दिसत नाही. खाली उतरलेलं भोक, दोन झाकणं, एकसंध चाक: ही तिन्ही टाइप 51ची लक्षणं.

एक सावधगिरी मात्र ठेवायची. 51 जेमतेम चाळीसच्या आसपास बनल्या, आणि जुन्या 35बीवर नंतर दोन कॅमशाफ्टचं डोकं चढवलेल्या गाड्याही आहेत. अशा गाडीला भोक खाली येऊ शकतं, पण शेपटी आणि चाकं जुनीच राहतात. म्हणून एका लक्षणावर 51 म्हणायचं नाही. तिन्ही एकत्र हवीत. 51 आणि तिची दीड लिटरची बहीण 51ए यांच्यात बाहेरून फरक करता येत नाही. सिलिंडरचा व्यास दोन्हींत 60 मिलिमीटर, फरक पिस्टनच्या धावेत. 51ची धाव 100 मिलिमीटर, त्यातून 2262 घनसेंटिमीटर. 51एची 66, त्यातून 1493. त्यामुळे नोंदीत “टाइप 51 किंवा 51ए” असंच लिहिलं. जास्त नेमकं लिहिलं तर ते अंदाजाने लिहिलेलं ठरेल.

गाडीचा रंग घरात “काळपट” म्हणून सांगितला जायचा. फोटोत ती फिकट राखाडी दिसते आणि रेडिएटरवरचा लंबगोल बिल्ला जवळपास काळा. हा बिल्ला लाल मिन्याचा, त्यावर पांढरी अक्षरं. लाल रंग इतका काळा पडतो तेव्हा फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असण्याचा संभव मोठा. तिला लाल दिसत नाही आणि निळा फिकट दिसतो. 1931मध्ये आलेली कोडॅकची व्हेरिक्रोमही याच जातीची. तेव्हा फिकट राखाडी म्हणजे बहुधा निळी, शर्यतीतल्या फ्रेंच गाड्यांचा रंग. हे “बहुधा”च ठेवलं, कारण फिकट राखाडी चंदेरीही असू शकते.

सोनेगाव की आणखी कुठे

जागेसाठी पहिला प्रयत्न सावलीवर झाला. तरुणाची सावली जवळपास फोटोच्या समांतर पडलेली, उंचीच्या 1.3 पट. त्यावरून सूर्याची उंची सुमारे साडेसदतीस अंश. नागपूर 21 अंश अक्षांशावर, तिथे हा कोन वर्षातल्या कोणत्याही दिवशी सकाळी किंवा दुपारनंतर मिळतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात, 51 अंशांवर, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळतो. म्हणजे सावलीने काहीच ठरवलं नाही. सावली उंचीच्या निम्म्याहून कमी असती तर इंग्लंड कायमचं बाद झालं असतं, कारण तिथे भर उन्हाळ्यातही सूर्य 62 अंशांच्या वर चढत नाही. चाचणी करून बघण्यासारखी होती. निकाल काही लागला नाही, तेवढंच नोंदवलं.

जागा ठरवली ती मागच्या दृश्याने. पाठीमागे काँक्रीटचा कलता रस्ता वळत वर गेलेला आहे, त्यावर लाद्यांचे सांधे दिसतात, आणि वरच्या कडेला झाडं. सोनेगावला असा बांध कधीच नव्हता. असे कलत्या वळणांचे ट्रॅक युरोपात मोजके, त्यातले ठळक: इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स, पॅरिसजवळ माँतलेरी, इटलीत मोंझा. ब्रुकलँड्स 1907ला उघडलं, रस्ता 100 फूट रुंद, वळणाचा बांध जवळजवळ 30 फूट उंच. या तिघांतून निवड केली ती दुसऱ्या एका गाडीने. चौकटीच्या उजव्या कडेला अर्धी कापली गेलेली गाडी उभी आहे. तिच्या बाजूने एक जाडजूड डबा जातो आणि मागच्या चाकापाशी माशाच्या शेपटीसारखा चपटा होऊन संपतो. हा ब्रुकलँड्सचा सायलेन्सर. आजूबाजूच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध कोर्टात धाव घेतल्यावर, 1920च्या दशकाच्या मध्यापासून, तिथे तो सक्तीचा झाला. फ्रान्स-इटलीच्या ट्रॅकवर कोणी इतका अवजड डबा हौसेने लावत नसे.

निगेटिव्हच्या जुन्या पाकिटावर पेन्सिलीने एक शब्द होता, मोडीत. तो मुद्दाम शेवटी वाचून घेतला. आधी वाचला असता तर प्रत्येक खूण त्याच्याकडे ओढली गेली असती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि शब्द तोडून लिहायची सवय नसते, त्यामुळे पहिलं वाचन “वेबरीज” असं आलं आणि ते कोणा माणसाचं आडनाव वाटलं. बांध आणि सायलेन्सर समोर असल्यामुळे ते वेब्रिज आहे हे कळायला वेळ लागला नाही.

साल दोन बाजूंनी आवळलं. टाइप 51 मोल्सहाइमहून 1931ला बाहेर पडली. त्याच वर्षी लुई शिराँने तिच्यावर मोनॅकोची ग्रां प्री जिंकली. त्यामुळे फोटो 1931च्या आधीचा नाही. ब्रुकलँड्सवरची शेवटची शर्यत ऑगस्ट 1939ची, ती वरची मर्यादा. आजोबांचा पासपोर्ट घरात होता. त्यावरच्या शिक्क्यांप्रमाणे ते इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी 1932 ते 1935 होते. सावलीच्या हिशेबाने मार्च ते सप्टेंबर. 8 या आकड्यावरून शर्यत शोधता येईल, पण ब्रुकलँड्सला एका दिवसात अनेक शर्यती होत आणि आकडे शर्यतीगणिक बदलत. म्हणून नुसता आकडा जुळला एवढ्यावर चालकाचं किंवा मालकाचं नाव जोडायचं नाही. आकडा, प्रकार आणि रंग, तिन्ही एकाच छापील कार्यक्रमात जुळले तरच.

आत्यांचं म्हणणं

आता सोनेगावचं काय? घरातली आठवण खोटी म्हणून टाकून द्यायची घाई करू नये. माणसं गाडी विसरत नाहीत, फोटो अदलाबदल करतात.

त्याच पानावरचा सर्वांत खालचा फोटो इतके दिवस कोणी नीट पाहिला नव्हता. मोकळं मैदान, लांबवर बाभळी, आणि उघड्या टपाची साधी गाडी. स्टेअरिंगवर तोच तरुण, आता धोतर-कोटात. हाही सरळ आहे का ते आधी पाहिलं: खिसा डाव्या छातीवर, म्हणजे सरळ. गाडी ओळखायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढे दोन पट्ट्यांचा बंपर, लंबगोल फोर्डचा बिल्ला, तारेची चाकं: फोर्ड मॉडेल ए. हिची 1928-29ची चाकं 21 इंची आणि 1930-31ची 19 इंची. इथे चाकं लहान आणि टायर भरदार, म्हणून 1930-31. फोटोखाली काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने, देवनागरीत, “सोनेगाव” लिहिलेलं आहे. अक्षर इतकं पुसट की सपाट उजेडात दिसत नाही. टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवा धरला तेव्हा उठून आलं.

आत्यांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. फोर्डकडे बघून त्या लगेच म्हणाल्या, “हेच! याच गाडीत बसून आम्ही अंबाझरीले जात होतो.” मग बुगाटीच्या सरळ केलेल्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, आबाजींचा रुमाल त्या बाजूला कसा गेला.

आल्बममध्ये उलटा छाप होता तसाच ठेवला आहे. निगेटिव्हवरून काढलेला सरळ छाप त्याच्यासमोरच्या पानावर, कोपऱ्याच्या कागदी खाचांत, सरस न लावता बसवला आहे. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं: “बुगाटी टाइप 51 किंवा 51ए, शर्यत क्रमांक 8. ब्रुकलँड्स, वेब्रिज, इंग्लंड. 1932 ते 1935, मार्च ते सप्टेंबरमधला. रंग बहुधा निळा. गाडीशेजारी आबाजी. समोरच्या पानावरचा जुना छाप उलटा आहे.”